अपुऱ्याचे मोल

गोष्ट २०२५ सालच्या दिवाळीची. आमच्या घरी दिवाळीच्या खरेदीची यादी करण्याचा एक रिवाज आहे. दसरा झाला की जुन्या वहीचा एक कोरा कागद स्वयंपाकघरातल्या खुंटीला अडकवायचा आणि ज्याला जे आठवेल ते त्याने त्यावर लिहायचे. सासूबाईंना लिहिता येत नाही. त्या सांगतात आणि जो हाताशी सापडेल तो लिहितो. त्या वर्षीही रवा, मैदा, पिठीसाखर, उटणे, पणत्या पंचवीस, ह्यांच्यासाठी दोन बनियन असा संसार त्या कागदावर हळूहळू जमत गेला. आणि एके दिवशी अगदी तळाशी, माझ्या लेकीच्या टपोऱ्या अक्षरात, एक शब्द उमटलेला दिसला : 'इनझोई'.

सासूबाईंनी यादी वाचून घेतली तेव्हा त्या शब्दाशी सगळेच अडले.

"हे काय वाण आहे गं बाई? मोंढ्यात भेटतं का?" त्यांनी विचारले.

"आजी, हा खेळ आहे. कॉम्प्युटरवरचा," लेक म्हणाली. "अजून पुरा झालेला नाही."

"पुरा झालेला नाही, मग विकतेत कसे?"

सासूबाईंनी सहज विचारलेला हा प्रश्न नंतर आठ-दहा दिवस आमच्या घरात मुक्काम ठोकून बसला. चकल्या तळताना, पणत्या भिजत घालताना, रात्री अंथरुणे घालताना आम्ही त्याच्याशी झोंबत होतो. बालमंदिरात चार-पाच वर्षांच्या पोरांना अक्षरे गिरवायला लावणाऱ्या, मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या माझ्यासारख्या बाईने तत्त्वज्ञानाच्या वाटेला जाऊ नये हे मला कळते. परंतु काही प्रश्न असे असतात की ते आपली इयत्ता विचारीत नाहीत.

आधी हा खेळ काय आहे ते सांगते. म्हणजे मला जेवढा समजला तेवढा. दक्षिण कोरियातील क्राफ्टन नावाच्या कंपनीने तो काढला. हीच ती पबजीवाली कंपनी, जिच्या नावाने आमच्या गल्लीतल्या आयांनी एके काळी बोटे मोडली होती. पण इनझोईत मारामारी नाही. आपण माणसे तयार करायची, त्यांचे नाकडोळे ठरवायचे, त्यांना घर बांधून द्यायचे, नोकरीला लावायचे, त्यांची लग्ने आणि भांडणे पाहायची. खेळणाऱ्याची भूमिका अशी की तो त्या शहराचा कारभार पाहणाऱ्या एका कचेरीतला नवा उमेदवार. मला ही कल्पना ऐकून हसू आले. साक्षात ब्रह्मदेवाच्या कचेरीत उमेदवारी, आणि तीही स्वतःच पैसे भरून!

परंतु थोडा विचार केला आणि माझे हसू मावळले. कारण हा खेळ आपल्याला नवा आहे कोठे? आमच्या लहानपणी त्याला भातुकली म्हणत. बोळक्यात भिजवलेले चुरमुरे म्हणजे भात, मातीचा गोळा म्हणजे लाडू, आणि बाहुलीचा संसार आमच्या मर्जीप्रमाणे चाले. मोठ्या माणसांचा खेळही होता. मोक्षपट ज्ञानदेवांनी रचला अशी परंपरा सांगतात; सद्गुणाची शिडी चढायची, दुर्गुणाच्या सापाने गिळले की खाली यायचे. इनझोईतही माणसांच्या बऱ्यावाईट वागणुकीचा हिशेब ठेवण्याची सोय आहे, आणि शब्दही आपलाच घेतला आहे : कर्म.

अशा खेळांत सर्वांत गाजलेला 'सिम्स', तो अमेरिकेत २००० साली निघाला. त्याचा कर्ता विल राइट. १९९१ साली ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला त्यात ह्या माणसाचे राहते घर जळाले. पुन्हा घर उभारताना माणसाला नेमक्या कोणत्या वस्तू लागतात आणि कशासाठी लागतात, हा विचार त्याच्या मनात घोळू लागला आणि त्यातून तो खेळ सुचला. लेकीने हे सांगितले त्या दिवसापासून त्या पडद्यावरच्या बाहुल्यांकडे मला तुच्छतेने पाहता आले नाही. ज्याचे घर जळाले त्याने भातुकली मांडली. त्यात हसण्यासारखे काय आहे?

तर खेळ चांगला. पण तो अपुरा. इनझोई २८ मार्च २०२५ रोजी विक्रीस आला तो अपूर्ण म्हणूनच. 'स्टीम' नावाचे संगणकावरच्या खेळांचे जे मोठे दुकान आहे, त्यात २०१३ सालापासून अशा अर्धवट खेळांचे वेगळे खातेच आहे. खेळ तयार होत असतानाच तो विकायचा, घेणाऱ्यांनी खेळून चुका दाखवायच्या आणि करणाऱ्यांनी त्या सुधारीत पुढे जायचे, असा हा व्यवहार. किंमत चाळीस डॉलरला एक सेंट कमी. आमच्या घरात तेवढ्या रुपयांत दिवाळीचा सगळा फराळ होऊन पाहुण्यांच्या हातावर ओवाळणी ठेवता येते.

मी तत्काळ 'नाही' म्हणाले, आणि ह्यांनी मान खाली घातली. कारण माझ्या त्या 'नाही'चा उगम कोठे आहे हे त्यांना ठाऊक होते.

२०१४ साली आम्ही परभणीला एक फ्लॅट घ्यायचे ठरविले होते. लेकीच्या शिक्षणाला जिल्ह्याच्या गावी आपले घर असावे, एवढीच इच्छा. इमारत उठायची होती. बांधणाऱ्याने रंगीत चित्र दाखविले. चित्रात गॅलरीमध्ये कुंड्या होत्या, खाली मुले झोक्यावर बसली होती. ह्यांनी जिनिंगमधल्या हिशेबनिशीतून साठविलेले आणि मी माझ्या बांगड्या मोडून आणलेले पैसे आम्ही त्या चित्रावर ठेवले. तीन मजल्यांचे खांब उभे राहिले, दोन जिने झाले आणि काम थांबले. पुढे २०१६ चा कायदा आला, २०१७ च्या मे महिन्यापासून महाराष्ट्रात महारेरा सुरू झाले. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच बांधकामाला लावले पाहिजेत असे बंधन आले. आमचे पैसे त्याच्या आधीच कोठेतरी जिरून गेले होते. काही वर्षे आम्ही परभणीला गेलो की रिक्षा त्या रस्त्याने घ्यायला सांगत असू. मग तो रस्ता टाळू लागलो.

म्हणून पुऱ्या न झालेल्या वस्तूला पैसे मोजायचे म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे ते उघडे खांब उभे राहतात. "अपुऱ्याला पैसा द्यायचा नाही," मी लेकीला म्हणाले. "पुरा होऊ दे, मग घेऊ."

लेक अकरावीत. वाद घालण्यात ती आपल्या आजीवर गेली आहे. ती म्हणाली, "आई, पुरं म्हणून विकलेलं तरी पुरं असतं का?"

आणि तिने मला 'सिम्स'च्या चौथ्या आवृत्तीची कथा सांगितली. ती २०१४ साली बाजारात आली. पूर्ण म्हणून, पूर्ण किमतीला. घेणाऱ्यांनी उघडून पाहिले तो त्यात पोहण्याचे तलाव नव्हते, आणि दुडुदुडु धावणारी मुले नव्हती. पाळण्यातले तान्हे मूल एकदम शाळेत जाण्याएवढे होत असे. तलाव त्याच वर्षी आले. मुलांना यायला २०१७ चा जानेवारी उजाडावा लागला.

मी थक्क होऊन ऐकत राहिले. दीड-दोन वर्षांपासून पाचांपर्यंतचे वय, म्हणजे माझे सगळे बालमंदिरच त्या जगातून गळाले होते! बोबडे बोलणे नाही, पाटीवरचा पहिला वाकडा 'ग' नाही, चड्डी ओली करून रडणे नाही. ज्या वयात माणसाचे माणूसपण घडते तेच वगळून लोकांनी आयुष्याचा खेळ मांडला आणि तो पूर्ण आहे असे सांगितले. मला त्यात एक जुनी ओळख दिसली. मोठ्या माणसांच्या हिशेबात ते वय नेहमीच वगळलेले असते. आमच्यासारख्या बायांच्या पगारावरूनही ते कळते.

"मग ज्यांनी आधीच सांगितलं की बाबांनो, आमचं अपुरं आहे, ते जास्त खरे नाहीत का?" लेक म्हणाली.

ह्या बोलण्यात तथ्य होते, आणि मला ते नाकारता येईना. अपूर्णता हा दोष नव्हे. अपूर्णता लपविणे हा दोष. आमच्या बांधणाऱ्याने जर म्हटले असते, 'माझ्यापाशी तीन मजल्यांपुरतेच पैसे आहेत, पुढचे तुमच्या नशिबाने,' तर आम्ही त्याला पैसे दिले नसते. किंवा दिले असते तर निदान शिव्या दिल्या नसत्या. उलट स्टीमच्या त्या दुकानात अपुऱ्या खेळापाशी स्पष्ट सूचना लिहिलेली असते की, खेळ आज आहे तसा तुम्हाला खेळावासा वाटत नसेल, तर थांबा आणि त्याची पुढची प्रगती पाहा. दुकानदारच गिऱ्हाइकाला थांबायला सांगतो, हे मी प्रथमच पाहिले.

लेकीने आणखी एक दाखला दिला. 'लाइफ बाय यू' नावाचा असाच संसाराचा खेळ स्वीडनमधली पॅराडॉक्स ही कंपनी काढणार होती. २०२३ च्या मार्चमध्ये घोषणा झाली. अपूर्ण स्वरूपात तो येण्याची तारीख त्याच वर्षीच्या सप्टेंबरची होती; ती पुढे मार्चवर गेली, मार्चची जूनवर गेली, आणि १७ जून २०२४ रोजी कंपनीने तो खेळच रद्द केला. मनाजोगता व्हायला लागणारा काळ फार लांबचा आणि बेभरवशाचा आहे, असे कारण दिले. तो खेळ करणाऱ्या मंडळींचे दुकानही बंद झाले.

मला वाटले, हाही प्रामाणिकपणाच, पण किती कडू! वाट पाहणाऱ्यांना अपुरेसुद्धा मिळाले नाही आणि करणाऱ्यांच्या हाती कामही उरले नाही. अपुऱ्याला कोणी हातच लावायचा नाही असे सगळ्यांनी ठरविले तर पुरे होणार तरी काय? उद्याचा भरवसा म्हणून कोणीतरी आज चार पैसे सोडतो तेव्हाच धरणे होतात, शाळा होतात. जायकवाडीच्या धरणाचा पाया १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते घातला गेला आणि उद्घाटन १९७६ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधींनी केले. त्याचा डावा कालवा आमच्या पाथरी तालुक्यातून जातो. सासऱ्यांच्या वडिलांनी कालव्याला जमीन दिली तेव्हा त्यात पाण्याचा थेंब नव्हता. ते पाणी पाहायला स्वतः ते राहिले नाहीत. आम्ही त्या पाण्यावर ऊस घेतो.

आता वादाच्या दोन्ही बाजू मला पटू लागल्या होत्या, आणि दोन्ही बाजू पटल्या म्हणजे माणूस कोठेच पोचत नाही. त्यातून वाट दाखविली ती सासूबाईंनी. त्या लसूण सोलीत बसल्या होत्या. कोरिया की काय त्या गावाशी त्यांना कर्तव्य नव्हते.

"तुझे सासरे मोसंबीची बाग हिरवीच द्यायचे," त्या म्हणाल्या. "फळ लिंबाएवढं असलं की व्यापारी यायचा. पण भाव कोन्ता द्यायचा? हिरव्या बागेचा! गारपीट झाली तर त्याचं नशीब, फळ गोड निघालं तर त्याचा नफा. पिवळ्या मोसंबीचा भाव हिरव्याला देईल तो येडा. अन् हिरवी बाग पिवळी म्हणून विकील तो चोर."

दोन वाक्यांत त्यांनी सगळा व्यवहार मांडला. अपुरे घेणारा काही केवळ वस्तू घेत नाही, तो तिच्याबरोबर धोकाही घेतो. धोका घेणाऱ्याला त्याचे मोल कोठेतरी वळते झाले पाहिजे. इनझोईच्या बाबतीत ते वळते होत होते का? कंपनीने एवढे कबूल केले होते की खेळ पुरा होईपर्यंत त्यात जी भर पडेल ती आधी घेणाऱ्यांना फुकट मिळेल. शिवाय चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत केला तर पैसे परत, हा दुकानाचा नियम. त्यावर हे एवढेच म्हणाले, "आपलं लग्न ठरलं तेव्हा पोहे खायला अर्धा तास लागला होता, आणि परत करायची सोय नव्हती." सासूबाई मोठ्याने हसल्या. मीही हसले, पण नंतर बराच वेळ त्या वाक्याचा विचार करीत राहिले. संसाराच्या आरंभी कोण पुरे असते? मी एकोणीस वर्षांची होते, ह्यांना धड भाजी आणता येत नव्हती. तेव्हा आज आहे ते पाहून लग्न केले असते तर दोघांनीही नकारच दिला असता.

माझे वडील हायस्कुलात शिक्षक होते. त्यांच्या कपाटात मराठी विश्वकोशाचे खंड ओळीने लावलेले असत. पहिला खंड १९७६ साली निघाला, विसावा निघाला २०१५ साली. वडील त्याच्या सहा वर्षे आधी गेले. म्हणजे त्यांनी जन्मभर एक अपुरी वस्तू विकत घेतली आणि ती पुरी झालेली पाहिली नाही. परंतु आपण फसलो असे त्यांना कधी वाटले नाही. कारण 'अ'चा खंड 'ह'वाचून अडत नव्हता. जेवढा हाती होता तेवढा आपल्यापुरता पुरा होता. संध्याकाळी कंदिलाशी बसून ते कोणतेही पान उघडीत आणि तृप्त होत.

अपुरे हे दोन जातींचे असते, हे मला त्या आठवणीने उमगले. एक विश्वकोशासारखे : जेवढे आहे तेवढे कामाचे, पुढचे आले तर आनंद. दुसरे आमच्या फ्लॅटासारखे : शंभरातले साठ भाग झाले तरी छप्पर नाही म्हणून ते घर नव्हे, आणि शंभरावा भाग येईपर्यंत त्याचे मोल शून्य. पहिल्या जातीचे अपुरे खुशाल घ्यावे. दुसऱ्या जातीचे घेणाराने आपण वस्तू घेत नसून कोणाच्या तरी शब्दावर पैसे लावीत आहोत हे ओळखावे, आणि जे पैसे बुडाले तर चूल विझेल ते कधीही लावू नयेत.

मग मी लेकीला विचारले, "तुझा खेळ कोणत्या जातीचा?"

ती प्रथमच विचारात पडली. म्हणाली, "माणसं घडवणं आणि घरं बांधणं हे आजच छान जमतं म्हणतात. पण त्या माणसांचं एकमेकांशी वागणं अजून उथळ आहे. गोष्टी घडत नाहीत."

"तुला त्यातलं काय पाहिजे?"

"घर बांधायचंय," ती म्हणाली. आणि लगेच दुसरीकडे पाहू लागली.

कोणते घर ते मी विचारले नाही. तिच्या वहीच्या मागच्या पानावर मी त्या परभणीच्या फ्लॅटाचा नकाशा पाहिला होता, कुंड्यांसह.

त्या रात्री माझ्या मनात एक शंका आली ती खरी, आणि ती मी येथे लपवीत नाही. इनझोई निघाला त्या सुमारास त्याची एक बातमी गाजली होती. त्यातल्या रस्त्यावर लहान मुलांच्या अंगावर मोटार घालता येत होती. कंपनीने तो अनवधानाने राहिलेला दोष असल्याचे सांगून लगेच दुरुस्त केला. परंतु मी विचार करू लागले : घाईने उभारलेल्या जगात काय आधी राहून जाते? मोटार राहत नाही, रस्ता राहत नाही, चेहऱ्यावरचा रंग राहत नाही. राहते ते मूल रस्त्यावर असेल तर काय, हा प्रश्न. आमच्या त्या इमारतीत तरी काय राहिले? जिने झाले होते. कठडे राहिले होते. एकदा आम्ही पाहायला गेलो असता सात वर्षांची लेक धावत दुसऱ्या मजल्यावर चढली आणि मी ओरडले तेव्हा ती कडेपासून हातभर अंतरावर होती. दिसण्याच्या गोष्टी आधी होतात. सांभाळण्याच्या गोष्टी मागून होतात. म्हणून जो अपुरे विकतो त्याच्यावर पुरे विकणाऱ्यापेक्षा जास्त जबाबदारी असते. काय नाही ते त्याने सांगावेच. पण ज्याच्यावाचून कोणी पडेल, असे काही मागे ठेवू नये.

हे सारे मी दुसऱ्या दिवशी मोठ्या आवेशाने लेकीला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आई, आणि तुझी कादंबरी?"

मी गप्प झाले.

येथे मला माझ्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. माझ्या नावावर दोन कादंबऱ्या आहेत. तिसरी मी आमच्या भागातल्या एका साप्ताहिकात क्रमशः लिहीत होते. सेलूजवळच्या एका खेड्यातली मुलगी शिकायला घराबाहेर पडते, एवढे तिचे कथानक. चौतीस प्रकरणे छापून आली. पस्तिसाव्यात ती मुलगी रात्री मानवत रोडच्या स्टेशनावर एकटी गाडीची वाट पाहत बसलेली होती. पुढे काय होते ते मला सुचेना. मी आठवडाभराची मुदत मागितली, मग महिन्याची, मग मागणेही सोडून दिले. साप्ताहिक आपले चालू राहिले. माझ्या जागी पाककृती येऊ लागल्या. कोणी मला जाब विचारला नाही. कादंबरीकारांचे असे होतच असते, हरिभाऊ आपट्यांच्यासुद्धा काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, असे मी स्वतःला समजावून दिले होते.

पण एका लग्नात एक बाई माझ्यापाशी आली. अंगणवाडीत मदतनीस होती. तिने हळूच विचारले, "ताई, त्या पोरीला गाडी भेटली का हो?" तिने त्या साप्ताहिकाची वर्गणी भरली होती ती त्या पोरीसाठी. मी काहीतरी हसून उत्तर दिले आणि पंगतीत जाऊन बसले. मला त्या दिवशी जेवण गेले नाही, आणि मी हे आजपर्यंत कोणाला सांगितले नव्हते.

मी म्हणजे तोच बांधणारा. माझ्या जिन्याला कठडा नव्हता. एका पोरीला रात्रीच्या स्टेशनावर बसवून मी घरी निघून आले होते, आणि परभणीच्या त्या उघड्या खांबांकडे पाहून दुसऱ्याला शिव्या देत होते. माझी लबाडी लहान होती एवढाच काय तो फरक. रक्कम लहान म्हणून ती लहान दिसत होती.

अपुऱ्या वस्तूचा प्रश्न आपण नेहमी घेणाऱ्याच्या बाजूने विचारतो : घ्यावी की न घ्यावी? त्याचे उत्तर खरे म्हणजे अवघड नाही. आज आहे ते आज देतो त्या पैशाला पुरेसे असेल तर घ्यावी; उद्याचे मिळाले तर तो प्रसाद. सासूबाईंनी हे लसूण सोलताना सांगितले. अवघड प्रश्न देणाऱ्याचा आहे. त्याने 'हे अपुरे आहे' म्हटले म्हणजे त्याची सुटका होत नाही. तेथून त्याचे ऋण सुरू होते. पुरी वस्तू दिली की व्यवहार संपतो. अपुरी दिली की नाते जडते. ते नाते निभवता येत नसेल तर त्या स्वीडनच्या कंपनीसारखे उभे राहून स्पष्ट सांगावे की आमच्याने हे होत नाही. हेही लाजेचे नाही. लाजेचे आहे ते गुपचूप सटकणे, तारखा देत राहणे आणि लोक विसरतील अशी आशा धरणे.

माझ्या बालमंदिरातही दर जूनमध्ये तीस अपुरी माणसे येतात. त्यांना परत करण्याची मुदत नसते, आणि कोणता खंड कधी निघेल ते कोणी सांगू शकत नाही. मी त्यांच्याबाबत कधी तक्रार केली नाही. आज त्यांना जे येते त्यात मला आनंद वाटतो, आणि उद्याचे काम माझे आहे असे मी समजते. म्हणजे नियम मला ठाऊक होता. तो मी शाळेच्या दारातच चपलांशेजारी सोडून घरी येत होते.

दिवाळीच्या आधी तीन दिवस आम्ही निर्णय घेतला. निम्मे पैसे लेकीने घातले. शेजारच्या दोन मुलांची शिकवणी घेऊन तिने ते साठविले होते. निम्मे मी, माझ्या कथेच्या मानधनातून. अट एकच : पहिले दोन तास पुरे होण्याच्या आत तिने स्वतः ठरवायचे की आज आहे तेवढ्यावर ती समाधानी आहे की नाही, 'पुढे चांगला होईल' हे कारण चालणार नाही. पुण्याच्या भाच्याने आपला जुना कॉम्प्युटर आम्हाला दिला होता. तो खेळ त्याला जड जाणार की काय अशी धास्ती होती, पण त्याने कसाबसा तो पेलला. खेळ उतरवून घ्यायलाच तीन रात्री लागल्या. मध्ये दोनदा वीज गेली. सासूबाई म्हणाल्या, "ह्याच्यापेक्षा बाळंतपण लवकर होतं."

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्यावर लेकीने घड्याळ लावून खेळ उघडला. पावणेदोन तासांनी ती बाहेर आली आणि म्हणाली, "ठेवते. माणसं फार बोलत नाहीत, पण घर होतंय." संध्याकाळी तिने आम्हाला बोलावून दाखविले. दुसऱ्या मजल्यावरचे दोन खोल्यांचे घर. ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मी जवळ जाऊन पाहिले. जिन्याला कठडा होता.

मी काही बोलले नाही. रात्री सगळे झोपल्यावर माझी जुनी वही काढली. पस्तिसाव्या प्रकरणाचे पान पिवळे पडले होते. ती पोर स्टेशनावर तशीच बसून होती. गाडी कोठून आणावी ते मला अजूनही सुचत नव्हते; तेव्हा मी निदान स्टेशनावरचा दिवा लावला, एक म्हातारी तिच्या शेजारी आणून बसविली, आणि त्या दोघींना बोलू दिले. साप्ताहिकाच्या संपादकांना पत्र लिहिले की चार महिन्यांत शेवट देते. आणि जमले नाही तर जमले नाही असे माझ्या नावानिशी छापा.

यादीचा तो कागद आम्ही दरवर्षी भाऊबीजेनंतर चुलीत घालतो. तो मात्र मी ठेवून दिला आहे. त्यावर एकच वस्तू खोडायची राहिली होती : पणत्या पंचवीस. कुंभाराकडे तेवीसच होत्या. तेवीसांनीही ओटा उजळला होता.